पाचवा टोला

९ फेब्रुवारी

भिंगरे,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात वेगळे लिहीत बसत नाही. तुझं पत्र शनिवारी मिळालं. हातानं लिहिलेला पत्ता बघून पोस्टमनला वाटलं कुणीतरी गेलं. मी म्हटलं, गेलं कुणी नाही, उगवलंय. तुझ्या लग्नात भेटलो त्याला आठ वर्षं झाली. तुझे वडील गेले तेव्हा मी आले नाही, त्याचा राग असेल तर तो ठेव, मी काही म्हणत नाही. पण आठ वर्षांनी मावशी आठवली तीसुद्धा कशासाठी, तर इथं उतरायला जागा कुठली बरी हे विचारायला. असो. विचारलंस तर सांगते.

जावईबापूंना एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला जंगल हवं, आणि त्यांनी तीन जागा काढल्यात म्हणतेस. तिन्ही मी बघितल्यात, कारण तिन्हींकडच्या बायका कधी ना कधी माझ्याकडे कामाला होत्या.

ते तंबूवाले. तंबूत पलंग टाकलाय, पलंगाखाली मुंग्यांची वारुळं. संडासाला दोनशे पावलं चालायचं, तेही उतारावरून. लोक जंगलात राहायचं म्हणून येतात आणि एक सुरवंट दिसला की गाव गोळा करतात. मग दुसरं ते झाडावरचं घर. शिडी आहे. पोरीला तू कडेवर घेऊन चढवशील, पण जावयाला कोण चढवणार? लग्नात मी त्यांना जेवताना बघितलंय. तिसरं ते मोठं हॉटेल. तिथं समुद्र काचेतून दिसतो आणि काच उघडत नाही. शिवाय समुद्राच्या पुढ्यात पोहायचा तलाव बांधलाय. समुद्र दहा पावलांवर आणि माणसं तलावात डुंबतात. म्हणजे घरात विहीर आणि नळाला रांग.

तेव्हा इकडेच या. इतकं लिहिलंस आणि मावशीकडे जागा आहे का हे विचारायला मात्र जीभ रेटली नाही तुझी. या लॉजचे मालक जाऊन सहा वर्षं झाली, त्यांच्या मुलानं सगळं माझ्यावर टाकलंय. खोल्या चार. एक आणि दोन समुद्राकडे, तीन विहिरीपाशी, चार जंगलाला लागून. तुम्ही दोन नंबर घ्या. सकाळचं ऊन येतं, वारा आहे, पायऱ्या दोनच, पोर पडणार नाही. चार नंबर बंद आहे. छप्पर गळतं.

फोन इथं लागत नाही, टेकडीवर चढून हात वर करून उभं राहावं लागतं, आणि माझे गुडघे त्या लायकीचे राहिले नाहीत. पत्रच लिही.

एक सांगून ठेवते. मालकांनी बसवलेली ती घंटेची पद्धत अजून आहे. प्रत्येक खोलीत दाराशी दोरी, दोरीला तार, आणि सगळ्या तारा येतात माझ्या स्वयंपाकघरात एकाच घंटेला. एक नंबरवाल्यानं काही हवं असलं तर एकदा ओढायची, दोन नंबरवाल्यानं दोनदा. मी टोले मोजते आणि त्या खोलीवर जाते. पोरीला बजावून आण, दोरी हे खेळणं नाही.

किती दिवस, कधी, ते लवकर कळव. सुटीत माणसं येतात.

मावशी


२२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

नमस्कार. वाकून करायचा तो तिथं आल्यावर करीन.

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचून दाखवलं. शिडीच्या भागाला यांनी पोट आत घेतलं, आणि तेवढ्यावर तंबू, झाड आणि हॉटेल तिन्ही बाद झाले. तुझ्याकडेच येतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, चार दिवस. बाबांच्या वेळी तू आली नाहीस याचा राग नाही. आली असतीस तर बरं वाटलं असतं, इतकंच.

फक्त एक मागणं आहे. आम्हाला चार नंबर दे.

छप्पर गळतं असं तू लिहिलंस. यांच्या कचेरीतला एक माणूस मागच्या वर्षी तुझ्याकडे तीन नंबरला राहून गेला. तो सांगत होता की चार नंबरच्या खिडक्या चारही खोल्यांत सगळ्यांत लख्ख असतात, पायरी रोज झाडलेली असते, आणि एक बाई तिथं सकाळी गरम पाण्याची बादली ठेवून जाते. त्यानं विचारलं तर तू म्हणालीस म्हणे, पाहुणे यायचेत. चार दिवसांत कुणी आलं नाही.

मला खोली बघायची आहे, मावशी. आईबरोबर मी जिथं शेवटची राहिले ती. माझी लेक आता सहा वर्षांची झाली, म्हणजे मी तेव्हा होते तेवढी. तिला शाळेच्या पायरीवर बसलेली बघितलं की मला सारखी तुझी ती पायरी दिसते. तिथून मागं झाडं आणि पुढं खाली ती छोटी खाडी, दोन्ही दिसायचं. आईला म्हणूनच ती खोली आवडली होती ना?

आणि अजून एक. तू घंटेचं लिहिलंस म्हणून विचारते. चार नंबरची तार नक्की केव्हा तुटली होती? बाबा म्हणायचे, आदल्या दिवशीच तुटली होती, म्हणून घंटा कुणाला ऐकू गेली नाही. मी जास्त विचारलं की ते उठून जायचे. आता ते नाहीत, म्हणून तुला विचारते. तार तुटली होती ना?

तुझी,
भिंगरी


१ मार्च

भिंगरे,

त्या कचेरीतल्या माणसाला सांग, तीन नंबरला राहावं आणि तीन नंबरचं बघावं. अंडं कच्चं आहे म्हणून दोनदा परत पाठवलं होतं त्यानं, मला आठवतोय तो.

छप्पर गळत नाही. खोटं लिहिलं. झाडते मी ती खोली रोज, त्यात काय मोठं? माझी बहीण राहिली होती तिथं. तुझी आई पोहून आली की तिला कढत पाणी लागायचं. गार पाण्यातून आली की ओठ निळे, आणि तरी पायरीवर उभी राहून मलाच हुकूम सोडायची, बादली आण गं. मी धाकटी ना. सत्तावीस वर्षांची होते तरी धाकटीच. ते पाणी ठेवायची सवय लागली आणि सुटली नाही. काहींना तंबाखूची लागते. दुपारी मी तेच पाणी झाडांना घालते, वाया जात नाही. कधी कधी बादलीत कमी असतं. माकडं आहेत इथं.

पण ती खोली मी देत नाही. मालकांच्या वेळीही दिली नाही कुणाला. तुला तर नाहीच नाही. दोन नंबर घ्या, नाहीतर जा त्या काचेच्या हॉटेलात.

आणि तारेचं विचारतेस, तर ऐक, आणि पुन्हा विचारू नकोस. आदल्या दिवशी वारा सुटला, फांदी पडली, तार तुटली. तुझ्या वडिलांना मी तेव्हाच सांगितलं, चौकशीवाल्यांना सांगितलं, त्यांनी येऊन तुटलेली तार बघितली. तू लहान होतीस, तुझा काय दोष? तू नऊदा ओढली असलीस काय आणि नव्वदवेळा काय, तुटलेली तार वाजत नाही. एवढं लक्षात ठेव आणि डोक्यातलं काढून टाक. मेलेल्या माणसाला त्रास होतो अशानं.

घंटा आपोआप वाजते असंही त्या माणसानं सांगितलं असेल. सांगितलं नसलं तर कुणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगते. धुकं पडलं की सकाळची कधी वाजते. वारा असतो. धुक्यात वारा नसतो हे मलाही कळतं, पण काहीतरी असेलच ना. जुन्या तारा आहेत.

पोरीला माशांचं काटे काढून देईन. ती मासे खाते का कळव.

मावशी


६ मार्च

मावशी,

तुझं पत्र आज दुपारी आलं. लगेच लिहायला बसले. पोरगी शाळेत आहे, हे कामावर. घरात मी एकटी आहे.

नऊ तुला कुणी सांगितलं?

मी कुणालाही सांगितलं नव्हतं. बाबांना नाही, यांना नाही. चौकशीवाल्यांनी विचारलं तेव्हा मी तोंडच उघडलं नव्हतं. दोरी ओढली का, एवढं त्यांनी विचारलं आणि मी मान हलवली. किती वेळा ते जगात फक्त मला माहीत होतं. मला आणि जिनं मोजले तिला.

आता मी माझं सगळं सांगते. मग तू तुझं सांग.

आई खाली गेली तेव्हा मला म्हणाली, पायरी सोडायची नाही, मी येते पाच मिनिटांत. मी पायरीवर बसून दगड मांडत होते. तिचं डोकं दिसत होतं. मग तिनं हात वर केला. मला वाटलं, मला बाय करतेय. मी पण केला. तिनं परत केला. मी परत केला. मला मजा वाटली, मावशी. मग हात खाली गेला आणि डोकं दिसेना. मग पुन्हा दिसलं, लांब. तेव्हा मला कळलं, आणि मी उठले, दोरीपाशी गेले आणि थांबले.

थांबले, कारण आदल्या दिवशी मी दोरीशी खेळले होते आणि तू वर येऊन म्हणाली होतीस, पुन्हा उगाच वाजवलीस तर हात बांधून ठेवीन. मला ते आठवलं. किती वेळ थांबले ते माहीत नाही. दगड मोजता येतात, वेळ नाही येत त्या वयात. मग ओढली. आईनं शिकवलं होतं, आपली खोली चार, चारदा ओढायची. मी चारदा ओढली. पण तिकडे वाजतंय का हे इकडे ऐकू येत नाही. मला वाटलं, वाजली नाही, म्हणून न थांबता ओढत राहिले. पाच, सहा, सात, आठ. नवव्याला दोरी हातात आली.

आई म्हणाली होती पायरी सोडायची नाही, म्हणून मी सोडली नाही. दोरी धरून बसून राहिले. तू आलीस ती बऱ्याच वेळानं. येऊन पहिल्यांदा मला पाठीत धपाटा घातलास. मग समुद्राकडे बघितलंस.

पंचवीस वर्षं मी तो धपाटा दोरी तोडल्याबद्दलचा समजत होते. आता तुझं पत्र वाचल्यावर कळतंय की तो घंटा वाजवल्याबद्दल होता. म्हणजे वाजली होती.

मला भांडायचं नाही. ज्या दिवशी बाबा गेले त्या दिवशीही माझ्या डोक्यात हेच होतं, की मी थांबले नसते तर. मला एवढंच हवंय. ऐकलीस ना तू?

तू लिहीपर्यंत मी लिहिणार नाही. मार्चमधलं येणं राहू दे.

भिंगरी


१९ एप्रिल

भिंगरे,

दीड महिना झाला. तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही शेगडीत घातली. पहिल्यात मी लिहिलं होतं की नऊ हा आकडा सहज तोंडात आला. दुसऱ्यात तुला शिव्या होत्या. तिसरं बरं होतं, पण ते वाचून मलाच माझी दया आली, म्हणून जाळलं.

ऐकली.

तार तुटली नव्हती. वारा सुटला नव्हता. फांदी मी नंतर आणून टाकली.

त्या दिवशी बाकीच्या तिन्ही खोल्या भरलेल्या होत्या, अकरा माणसं नाश्त्याला. दूध उतू जायला आलेलं, अंडी चढवलेली, आणि मी पावाचं पीठ मळत होते. कोपरापर्यंत पीठ. घंटा वाजली. एक, दोन, तीन, चार. मी हात बाहेर काढले. म्हटलं, बाईसाहेब आल्या पोहून, बादली हवी असेल. मग पाचवा वाजला.

पाच नंबरची खोली इथं नाही. पाच वाजले म्हणजे कुणीतरी खेळतंय. ही माझीच शिस्त होती. आदल्या दिवशी तू वाजवून वाजवून मला चार फेऱ्या घालायला लावल्या होत्यास, आणि मी मालकांना म्हटलं होतं, यापुढे आकडा चुकला की मी जागची हलणार नाही, लागेल शिस्त एकेकाला. ते म्हणाले, बरं.

पाचव्या टोल्याला मी हात परत पिठात घातले.

सहा, सात, आठ, नऊ मी ऐकले ते मळता मळता. मोजलेसुद्धा. मोजायची सवयच होती. नवव्यानंतर गप्प झाली तेव्हा मी म्हटलं, दमली कार्टी. मोठ्यानं म्हटलं. मालकांची बायको हसली.

मग पाव भट्टीत घातले, अकरा जणांना वाढलं, भांडी भिजत टाकली आणि तुला रागवायला वर आले. तू पायरीवर बसलेली. मूठ आवळलेली, मुठीतून दोरी लोंबतेय. मी धपाटा घातला. तू रडली नाहीस. तू नुसतं समोर बोट केलंस.

मासेमारांना ती दुसऱ्या दिवशी मिळाली. ते सगळं तुला माहीत आहे. तुला माहीत नाही ते हे, की ती बुडाली त्याच दिवशी दुपारी, सगळे खाली किनाऱ्यावर असताना, मी पक्कड घेतली आणि चार नंबरची तार मधोमध तोडली. मग जंगलातून फांदी ओढत आणली. तुझे वडील दुसऱ्या दिवशी पोचले. त्यांनी मला एकच विचारलं, पोरीनं घंटा वाजवली होती म्हणतात, ती ऐकली नाही का कुणी? मी त्यांना तार दाखवली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी माझंच सांत्वन केलं, भिंगरे. पुढं जन्मभर मी त्यांच्या डोळ्याला डोळा देऊ शकले नाही, तुझ्या लग्नातही नाही, ते याच्यासाठी. ते गेल्याचं कार्ड आलं तेव्हा मी पिशवी भरली होती. गाडी येऊन गेली. मी बसले नाही.

आता तुझ्या थांबण्याचं. तू थांबलीस ते माझ्या धमकीला घाबरून. आणि चारवर थांबली नाहीस म्हणून मी आले नाही, असा हिशेब तू आता मनात मांडत असशील, मी ओळखते तुला, तुझी आई पण अशीच सगळं स्वतःच्या अंगावर घ्यायची. तर तो मांडू नकोस. सहा वर्षांच्या पोरीनं आईसाठी चारदा ओढून गप्प बसायचं होतं का? जीव तोडून जी दोरी ओढते तिचा आकडा चुकतोच. मोजणारीला ते कळायला हवं होतं. तुझं काही चुकलं नाही. चुकलं ते इकडच्या टोकाला.

गेले असते तर ती वाचली असती का, हे मला विचारू नकोस. मला पोहता येतं. तिच्यापेक्षा चांगलं येतं. तिला मीच शिकवलं होतं. इतकंच सांगते.

घंटेचं मी तुला अर्धंच लिहिलं होतं. धुक्याच्या सकाळी ती वाजते, ती नऊ वेळा वाजते. तार तुटलेली आहे, दोन टोकांत हातभर अंतर आहे, तिथं वेल चढलाय. तरी वाजते. पहिल्यांदा वाजली तेव्हा मला वाटलं, मन आहे. मग एकदा मालकांनीही ऐकली, आणि ते म्हणाले, कोण गं ते खेळतंय? मी म्हटलं, वारा. ज्या हातांनी वाजवली होती ते हात तिकडे शहरात वाढताहेत, शाळेत जाताहेत, लग्न करताहेत. मग इथं ओढतं कोण? मी विचार करून करून थकले. कधी वाटतं, ती दोरी आता तुझ्या आईच्या हातात आहे. तिला चार माहीत आहेत. तरी ती नऊ वाजवते. मला ऐकवायलाच.

पंचवीस वर्षांत ती वाजत असताना मी एकदाही गेले नाही. पाचव्याला माझे हात जिथं असतील तिथं थांबतात आणि नऊ होईपर्यंत मी उभी राहते. पाणी नेऊन ठेवते ते घंटा गप्प झाल्यावर.

आता काय करायचं ते तू ठरव. मला शिव्या घालायच्या तर घाल, मी वाचीन. चौकशीवाल्यांना कळवायचं तर कळव. यायचं नसलं तर त्या काचेच्या हॉटेलाचा मॅनेजर ओळखीचा आहे, मी तुम्हाला चांगली खोली द्यायला सांगेन.

मावशी


२८ एप्रिल

मावशी,

तुझं पत्र मी चारदा वाचलं. पहिल्या दिवशी रागानं, दुसऱ्या दिवशी रडत, आणि नंतर दोनदा नुसतंच.

माफ केलं असं लिहायला बसले होते. लिहिता आलं नाही. खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, कारण खोट्यानं काय होतं ते आपण दोघींनी बघितलं. बाबांना तू फसवलंस याचा मला फार राग आहे. आईबद्दलच्या गोष्टीचा किती आहे ते अजून कळत नाही.

पण परवा एक झालं. संध्याकाळी मी भाजी चिरत होते आणि माझी लेक आतून हाका मारत होती. आई, आई, आई. तिची ही खोडच आहे, उगाच हाका मारते आणि गेलं की हसते. मी म्हटलं, गप बस जरा. म्हटलं आणि सुरी तिथंच टाकून पळत आत गेले. ती पलंगावर बसली होती, बुटाची नाडी सुटत नव्हती एवढंच. तिला जवळ घेऊन मी इतकी रडले की ती घाबरली. त्या वेळी मला तू दिसलीस, पिठात हात घातलेली. मलाही रोज तेवढीच घाई असते, मावशी. फक्त माझं काही बुडालेलं नाही.

कुणाला कळवायचं नाही. कुणाला काय सांगणार आणि ते काय करणार?

आम्ही येतोय. मेच्या तिसऱ्या शनिवारी. यांना मी सगळं सांगितलं. हे म्हणाले, हॉटेल ठरवू या का? मी म्हटलं, नाही, चार नंबर.

तू ती तार जोडून घे. दोरी नवी बांध. मला एकदा ती ओढायची आहे आणि तू आलेली बघायची आहे. मग काय ते बोलू.

पोरगी मासे खाते. पोहायला मात्र तिला नेणार नाही.

भिंगरी


७ मे

भिंगरे,

खोली तयार आहे. गाद्या तीन दिवस उन्हात टाकल्या. पोरीसाठी छोटी खाट आणलीय, भिंतीच्या बाजूला लावलीय. जावईबापूंना सांग, गाडी मोठ्या झाडाखाली लावू नका, चीक गळतो. गरम कपडे आणा, सकाळी गार असतं.

तारेचं सांगते. तार जोडणारा येत्या सोमवारी येईन म्हणाला. आज गुरुवार. म्हणजे मी हे लिहितेय तोवर तार तुटलेलीच आहे, हे ध्यानात ठेवून पुढचं वाच.

आज सकाळी धुकं होतं. एक नंबरला दोघं नवराबायको आहेत, दोन नंबरला एक म्हातारा चित्रकार. तिघांचा नाश्ता. मी पीठ मळत होते. घंटा वाजली. माझे हात सवयीनं थांबले. दुसरा वाजला. मग मला तुझं पत्र आठवलं, ती सुरी टाकून पळालीस ते. माझ्या कितव्याला लक्षात आलं ते सांगत नाही, कारण मला माहीत नाही. मी मोजलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या घंटेचे टोले मी मोजले नाहीत. पिठाच्या हातांनी, चपला न घालता, मी वर पळाले. हे गुडघे घेऊन. चित्रकार खिडकीतून विचारत होता, आग लागली का.

तिथं कुणी नव्हतं. दाराला कुलूप होतं. धुक्यात खालची खाडी दिसत नव्हती, फक्त ऐकू येत होती. पण पायरी ओली होती. दव म्हणशील, तर बाकी सगळ्या पायऱ्या कोरड्या होत्या, मी एकेकीवर हात फिरवून बघितला. भरतीचं पाणी तिथवर येत नाही. ती एकच पायरी ओली, आणि तीही अर्धी, जिथं एखादी बाई निथळत उभी राहील तेवढी. मी हाताला लावून जिभेवर ठेवलं. खारट होतं.

मी तिथं शेजारी बसले. म्हटलं, आले गं. उशीर झाला. शेगडीवर दूध आहे म्हणून मी उठले नाही, ते उतू गेलं असणार, गेलं. किती वेळ बसले ते बाकीचे सांगतात. तिघांचा नाश्ता आज साडेदहाला झाला. एक नंबरची बाई कुरकुरली. मी म्हटलं, बाई, पंचवीस वर्षांत एकदा झालाय, खा.

घंटा त्यानंतर गप्प आहे. पुढचं मला ठाऊक नाही. कदाचित पुन्हा वाजेल, कदाचित नाही. वाजली तरी मला आता रस्ता माहीत आहे.

पायरी दुपारपर्यंत वाळली. मी पुसली नव्हती. तिच्यावर मिठाची पांढरी रेघ उरलीय, ती तू बघेपर्यंत मी तिथं झाडू लावणार नाही. ती खोली पहिल्यांदाच न झाडलेली मिळणार तुला.

शनिवारी पोचाल तेव्हा मी स्वयंपाकघरात असेन. फाटकाशी येणार नाही, मला ते हार-तुरे जमत नाहीत. सामान ठेव, पाणी पी, आणि मग दोरी ओढ. चारदा, नऊदा, तुला हवी तितकी. मी पहिल्याला निघालेली असेन.

मावशी